शोधणावळ

माणूस गेला असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात, ‘अरेरे! कशानं?’ गेलेला माणूस शहाण्णव वर्षांचा असला तरी विचारतात. त्यात सहानुभूती किती आणि चौकशीची हौस किती हा भाग सोडा. पण कारण विचारतात, हे महत्त्वाचं. मोटारीची बॅटरी गेली असं कळलं की मात्र हाच चौकस समाज विचारतो, ‘नवी केवढ्याला?’ माझं भांडण आहे ते या दोन प्रश्नांमधल्या अंतराशी. ‘बॅटरी गेली’ हे वाक्य मला चार महिन्यांत साडेनऊ हजार रुपयांना पडलं. वाक्यात शब्द दोन. म्हणजे शब्दामागे पावणेपाच हजार. एवढं मानधन मला कुठल्याही दिवाळी अंकानं आजवर दिलेलं नाही. आणि ज्याला ते मिळालं, त्याचं वाक्य मुळात खोटं होतं.

भांडायला बसलेल्या माणसानं आधी फिर्याद नीट मांडावी, म्हणून हकिकत सांगतो. आमची गाडी लहान, पेट्रोलची, चार वर्षांची. तिच्यात कंपनीनं दिलेला टेप होता. (आमच्या घरी अजून ‘टेप’च म्हणतात. फिती जाऊन एक पिढी झाली, शब्द जायला तयार नाही.) गेल्या दिवाळीत मेहुण्यानं तो ऐकला आणि म्हणाला, ‘दाजी, याच्यात गाणं ऐकू येतं, पण जाणवत नाही.’ एरवी भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात पाकीट पडतं. त्या वर्षी डिकीत वूफर पडला. पुढे नऊ इंची पडदा, मागे पेटीएवढा वूफर आणि त्याला जोर पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, असा सरंजाम बहिणीच्या गाडीत बसला. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘१५०० वॉट’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्या अंगावरचा फ्यूज होता ३० अँपिअरचा. गाडी चालू असताना वीज फार तर १४ व्होल्टची मिळते. तीस गुणिले चौदा म्हणजे चारशे वीस. हा आकडा आपोआपच ४२० यावा, यात माझा काही हात नाही.

दिवाळी संपली आणि सोमवार सुरू झाले.

मी आठवड्याचे पाच दिवस गाडीनं ऑफिसला जातो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी सोसायटीत लागते, ती सोमवारी सकाळी हलते. त्या सोमवारी किल्ली फिरवली तर सेल्फ फिरण्याऐवजी नुसतं ‘टक्’ झालं. जुन्या फियाट-अँबॅसिडरला निदान लोखंडी हँडल असे. नवऱ्यानं पुढे उभं राहून हँडल मारायचं आणि बायकोनं आत बसून सूचना करायच्या, असं संसाराचं सार भर रस्त्यात बघायला मिळे. आजच्या गाडीला हँडल नाही. आणि बॅटरी साफ उतरलेली असेल तर चार जणांनी ढकलूनही उपयोग नाही. कारण पेट्रोल पुढे सारणारा पंप आणि ठिणगीचा हिशेब ठेवणारा संगणक, दोघंही त्याच बॅटरीच्या पंगतीला जेवतात.

बॅटरीवाला स्कूटरवर आला, पायाशी नवी बॅटरी घेऊनच आला. डॉक्टर घरी येताना सोबत तिरडीचं सामान घेऊन आला, तर आपण त्याला आत घेऊ का? यानं बोनेट उघडलं, आत एक कटाक्ष टाकला आणि विचारलं, ‘किती वर्षं झाली?’ म्हटलं, ‘चार.’ म्हणाला, ‘मग गेली.’ आता चार वर्षांनी बॅटरी जाऊ शकते हे खरं आहे. तीन ते पाच वर्षं हे तिचं सर्वसाधारण आयुष्य. पण ‘जाऊ शकते’ आणि ‘गेली’ यांत फरक आहे. ‘सासूबाई येऊ शकतात’ आणि ‘सासूबाई आल्या’ यांत जेवढा असतो, तेवढा. नवी बॅटरी बसली. पुढच्या सोमवारी गाडी कुरकुरत सुरू झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा ‘टक्’.

मग सल्ले सुरू झाले. बॅटरीवाला म्हणाला, ‘तुम्ही गाडी फिरवत नाही.’ म्हणजे बॅटरी उतरते म्हणून गाडी फिरत नव्हती आणि गाडी फिरत नाही म्हणून बॅटरी उतरत होती. त्यानं ती चार्ज करून दिली. पुन्हा उतरली. पुन्हा चार्ज केली. जानेवारी संपता संपता ती चार्ज धरेनाच, तेव्हा मी गॅरंटीचं कार्ड काढलं. त्यानं बॅटरी तपासली, मान हलवली आणि म्हणाला, ‘डीप डिस्चार्ज झालीय. गॅरंटीत बसत नाही.’

वाचकहो, या वाक्यापाशी क्षणभर थांबा, कारण माझा सगळा खटला या एका वाक्यावर उभा आहे. डीप डिस्चार्ज म्हणजे बॅटरी तळापर्यंत उपसली गेली आहे. बॅटरी स्वतःहून तळ गाठत नाही, कोणीतरी उपसतं. म्हणजे आजार काय आहे हे या गृहस्थाला ठाऊक होतं. फक्त बॅटरी विकताना ते ज्ञान दुकानात झोपलं होतं, आणि गॅरंटी नाकारताना ते जागं झालं! अरे बाबा, कोणीतरी वीज ओढतंय हे तुला कळलंय, तर कोण ओढतंय ते बघ की! पण नाही. त्यानं काय केलं? त्याच गाडीत, त्याच उपशावर, तिसरी बॅटरी ठेवली आणि पावणेपाच हजारांची दुसरी पावती फाडली.

मधल्या काळात सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आलो. तिथे कॉफी चांगली मिळते. त्यांनी गाडीला संगणक लावला, इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजले, १४.२ आले. म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरण्याचं काम अल्टरनेटर चोख करत होता. हे त्यांनीच मला कागदावर छापून दिलं. तरी सल्लागार म्हणाले, ‘अल्टरनेटर बदलून बघू.’ ‘बदलून बघू’! या दोन शब्दांत आपल्या आजच्या दुरुस्तीशास्त्राचा सगळा ऱ्हास साठवलेला आहे. पूर्वीचा मिस्त्री म्हणे, ‘बघून बदलू.’ क्रियापदं तीच, नुसती जागा बदलली, आणि खिसा गिऱ्हाइकाचा रिकामा होऊ लागला. मी नको म्हटल्यावर सल्लागारांना डिकीतला वूफर दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बाहेरचं सामान बसवलंय तुम्ही! मग आमची जबाबदारी नाही.’ बरं, त्या बाहेरच्या सामानाची वीज मोजा म्हटलं, तर मोजणं हे कामांच्या यादीतच नव्हतं.

राहिला म्युझिकवाला. त्याचं तत्त्वज्ञान सगळ्यांत सरळ. ‘साहेब, टेप बंद असतो ना? मग बंद वस्तू करंट खाईल कशी?’

आमच्या सोसायटीचं उदाहरण घ्या. गच्चीवरची पाण्याची टाकी रात्री भरलेली असते आणि सकाळी रिकामी निघते. अशा वेळी सेक्रेटरी नवी टाकी आणतात का? पंप बदलतात का? नाही. ते रात्री जिन्यातून कान लावत फिरतात आणि तिसऱ्या मजल्यावर कोणाचा फ्लश वाहतोय ते शोधून काढतात. मग त्या घराचा सर्वांसमक्ष उद्धार होतो. सेक्रेटरींचं शिक्षण इतिहासाचं आहे, नळाचं नाही. पण भरलेली वस्तू रिकामी झाली तर गळती शोधावी, एवढं समजायला शास्त्र लागत नाही. ते मोटारीच्या धंद्यातल्या तीन तज्ज्ञांना चार महिन्यांत सुचलं नाही.

हा सगळा प्रकार मी विनोदावारी नेला असता. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री दीड वाजता आईला दम्याचा जोर झाला. तिला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली आणि ‘टक्’. बॅटरी त्या वेळी तीन आठवड्यांची होती. वॉचमन धावत कोपऱ्यापर्यंत गेला, रिक्षा मिळाली, आई बरी आहे. पण त्या रिक्षात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ज्याला आपण ‘छोटासा इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ म्हणून हसतो, त्याला वेळ कळत नाही. तो सोमवारी सकाळीच यावा असा काही नियम नाही.

त्या रात्रीच्या गडबडीनं आमच्या खालच्या मजल्यावरचे काका जागे झाले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टच्या चोवीस शिशाच्या बॅटऱ्या एका ओळीत. त्यांची उभी हयात असल्या ओळींची नाडी बघण्यात गेलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘गळती मोजली का?’ चार महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस! काकांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण त्यांचे गुडघे दुखतात, ते मागे सरकले असते.

काकांची पहिली परीक्षा फुकट होती. बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली, काही तास तशीच ठेवली आणि मोजली: १२.६ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा. १२.२ आला तर ती निम्मी रिकामी समजायची आणि १२च्या खाली गेला तर तळ आला. मग शनिवार-रविवार तिची निगेटिव्हची वायर काढून ठेवली. सोमवारी वायर जोडली, सेल्फ मारला; पहिल्या झटक्याला गाडी सुरू. म्हणजे बॅटरी निर्दोष. दोन दिवस तिला एकांतात ठेवलं तर ती ठणठणीत राहते, गाडीच्या संगतीत ठेवली की खंगते. मग दोष कोणाचा? एक पाना आणि दोन दिवसांची सबुरी, यापलीकडे या परीक्षेला काही लागत नाही. घड्याळ मात्र पुन्हा लावावं लागतं. साडेनऊ हजारांपेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी परीक्षा मीटरची. निगेटिव्हची वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मधोमध मीटर जोडायचा, म्हणजे गाडी जी काही वीज ओढेल ती मीटरमधूनच जाईल. मीटर १० अँपिअरच्या भोकात. आणि तो जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मारला तर मीटरच्या फ्यूजचे दिवस घालावे लागतात. सुरुवातीला आकडा दोनच्या वर दिसला. मी घाबरलो. काका म्हणाले, ‘थांब, गाडी अजून झोपलेली नाही.’ हल्लीच्या गाडीत छोटे छोटे संगणक असतात. किल्ली काढली, दारं लावली, म्हणजे ते लगेच झोपतात असं नाही. लहान मुलांसारखे एकेक करून झोपतात, आणि मध्येच कोणी दार उघडलं की सगळे पुन्हा उठून बसतात. आमच्या सौ.नं मागच्या सीटवरची वाणसामानाची पिशवी काढायला दार उघडलं, आणि काकांनी शांतपणे घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. चाळीस मिनिटांनी आकडा स्थिरावला: ०.४२ अँपिअर. झोपलेल्या गाडीनं ०.०५च्या आत राहावं. आमची गाडी झोपेत आठपट जेवत होती.

आता इथे पाचवीचं गणित करून पाहा. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत साठ तास. साठ गुणिले ०.४२ म्हणजे पंचवीस. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. पस्तिसातले पंचवीस दर शनिवार-रविवारी गटारात! राहिलेल्या दहांत आणि गेल्या आठवड्याच्या अर्धवट पोटात सेल्फ कुठून फिरणार? सोमवारीच गाडी का अडते, या प्रश्नावर बॅटरीवाल्याकडे उत्तर नव्हतं, सर्व्हिस सेंटरकडे कॉफी होती. पाचवीच्या गणितात उत्तर होतं.

मग काकांनी फ्यूजच्या पेटीतला एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात केली. ज्याचा फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, तो चोर. दिवे निर्दोष, हॉर्न निर्दोष, कंपनीच्या टेपचा फ्यूज काढला तरी आकडा जागचा हलेना. म्युझिकवाला इथे असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. काका मात्र बॅटरीकडे वळले. पॉझिटिव्हच्या खांबाला कंपनीच्या वायरीबरोबर एक करंगळीएवढी जाड लाल वायर जोडलेली होती. अ‍ॅम्प्लिफायरला वीज जास्त लागते म्हणून त्याची वायर थेट बॅटरीतून नेतात. ती फ्यूजच्या पेटीत जातच नाही. म्हणजे सगळ्या घरांची झडती झाली, आणि चोर राहत होता गच्चीवर. त्या लाल वायरीतला फ्यूज काढल्याबरोबर मीटर ०.४२वरून ०.०३वर आला. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो आमच्या मेहुण्याला १५०० वॉटमध्येही कधी झाला नसेल.

फ्यूज पुन्हा बसवून डिकीतला गालिचा उचलला. अंधारात अ‍ॅम्प्लिफायरचा बारीक दिवा हिरवागार जळत होता. हात लावला तर पेटी कोमट. किल्ली माझ्या खिशात, टेप बंद, गाणं नाही, गायक नाही, आणि हा बुवा चार महिने एकटाच तंबोरा लावून बसलेला!

आता तो जागा का राहिला, ते ऐका. अशा टेपांच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी कायमच्या विजेची, तिच्यावर घड्याळ आणि आठवण चालते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. काळी अर्थिंगची. आणि निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरला उठवणारी. टेप लागला की ती म्हणते ऊठ, टेप बंद झाला की म्हणते झोप. ही निळी-पांढरी वायर पुढून मागे डिकीपर्यंत न्यावी लागते. त्यासाठी दाराशेजारच्या पट्ट्या काढा, गालिचा उचला, बारा फूट वायर ओढा. अर्धा तास जातो. आमच्या कलावंतानं तो अर्धा तास वाचवला. अ‍ॅम्प्लिफायरच्या विजेच्या खुंटीवरून त्याच्याच उठवणीच्या खुंटीला दोन इंची वायरचा तुकडा जोडून टाकला. झालं! अ‍ॅम्प्लिफायर कायमचा जागा. गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश, म्युझिकवाला जेवायला मोकळा. खरी निळी-पांढरी वायर टेपच्या मागे चिकटपट्टीत गुंडाळलेली सापडली, बारशाला नाव न ठेवलेल्या बाळासारखी.

हे एकट्या आमच्या गाडीचं रडगाणं असतं तर मी कागद खर्ची घातला नसता. कुठे लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून देतात, म्हणजे किल्लीशिवायही गाणी वाजतात. गिऱ्हाइकाला वाटतं, काय सोय आहे! कुठे पडद्याचा टेप बंद होण्याऐवजी नुसता डुलकी घेतो, कारण सकाळी तो पटकन उठावा अशी सेटिंग करून दिलेली असते. कुठे रात्रभर पहारा करणारा कॅमेरा, कुठे गाडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र. सगळे जावई एकाच सासऱ्याकडे. आणि त्या जाड लाल वायरीला बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज हवा, तोही काही महाभाग वाचवतात. पत्र्याच्या भोकात घासून घासून त्या वायरीचं प्लॅस्टिक फाटलं तर मग बॅटरी उतरत नाही, गाडी पेटते. अर्ध्या तासाची बचत कुठवर जाऊ शकते, ते सांगितलं.

बॅटरीचाही थोडा विचार करावा. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला, आणि तेव्हापासून मोटारीतल्या बॅटरीचं मुख्य काम ठरलं: क्षणभर जोराचा हिसका द्यायचा आणि मग लगेच भरून घ्यायचं. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला हा गाडीतला रेडिओ आणला, तेव्हापासून गाणीही तिच्या गळ्यात पडली. तरी ती पिंडानं शंभर मीटर धावणारी आहे, पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणारी नाही. तळापर्यंत उपसली की तिच्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटची खपली धरते. लगेच भरली तर ती विरते. दोन दिवस तशीच पडून राहिली तर घट्ट होते, आणि दर आठवड्याला थोडी थोडी जागा कायमची जाते. म्हणजे गळती न शोधता नवी बॅटरी बसवणं हे उपचार नव्हेत. तो नव्या बॅटरीचा बळी आहे. शिवाय एकेक बॅटरी म्हणजे आठ-दहा किलोचं ओझं, त्यात निम्म्याहून जास्त शिसं. हे शिसं विषारी. ते नीट गोळा व्हावं म्हणून २००१ साली नियम झाले, २०२२ साली ते नव्यानं झाले. पण धडधाकट बॅटरी भंगारात घालू नये, असा नियम सरकारनं कशाला करावा? तो अकलेचा प्रांत आहे.

आता दुसरी बाजू. मी बॅटरीवाल्याशी नंतर भांडायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, गिऱ्हाइकाचा फोन सकाळी साडेआठला येतो. त्याला नऊला ऑफिसात पोचायचंय. त्याला मी सांगू, तासभर थांबा, गाडी झोपू दे? तो दुसऱ्या दुकानात जाईल. आणि समजा थांबला, मी तासभर मोजलं आणि सांगितलं, बॅटरी चांगली आहे. तो मला काय देईल? ‘थँक यू’ देईल.’

त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते खरं होतं. बॅटरी बदलली तर पावणेपाच हजार. बदलायची नाही हे शोधलं तर ‘थँक यू’. अशा बाजारात कोण शोधेल? आमच्या मेहुण्याला सगळी हकिकत सांगितली तर तो म्हणाला, ‘म्हणजे एका वायरीचंच काम होतं! एवढंसं तर!’ वायर बदलायला अर्धा तास, हे खरं. कुठली वायर, हे कळायला एक शनिवार-रविवार, वर चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन खेपा आणि टेलिफोन खात्यातली तीस वर्षं लागली. त्याची किंमत काकांनी चहा-पोहे अशी लावली, आणि पोह्यांत खोबरं जास्त झाल्याची तक्रारही केली.

आपल्या भाषेतच बघा. सोनाराला आपण घडणावळ देतो. शिंप्याला शिवणावळ देतो. गिरणीत दळणावळ देतो. हातानं काही घडवलं, शिवलं, दळलं की त्याचे पैसे द्यायचे, हे आपल्याला शब्दासकट मान्य आहे. पण डोकं चालवून दोष शोधला, त्याच्या मजुरीला मराठीत शब्दच नाही! डॉक्टरनं औषध न देता ‘तुम्हांला काही झालेलं नाही’ म्हटलं, तर फी देताना आपला हात अडखळतो. इंजेक्शन दिलं असतं तर नसता अडखळला. मग तोही इंजेक्शनच देतो. गॅरेजवालाही इंजेक्शनच देतो. सुटा भाग हातात दिसतो, निदान दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याला पैसे मोजणं आपल्याला फसवणूक वाटते. खरी फसवणूक दिसणाऱ्या वस्तूच्या रूपानं, गॅरंटी कार्डासकट, घरपोच येते.

म्हणून माझी मागणी आहे की दुकानांच्या दरपत्रकांवर एक नवी ओळ यावी: ‘शोधणावळ’. दर काय हवा तो लावा. पण अट अशी की दोष सापडला तरी द्यायची, आणि ‘दोष नाही’ असं सापडलं तरी द्यायची. आणि आपण, उंबऱ्यावर भाजीवालीशी चार आण्यांसाठी पाव तास घासाघीस करण्याची परंपरा असलेल्या मंडळींनी, ती ओळ बघून नाक मुरडायचं नाही. पाचशे रुपये शोधणावळ देऊन पावणेपाच हजार वाचतात, हे गणित चौथीचं आहे. पाचवीपर्यंतही जावं लागत नाही.

म्युझिकवाल्यांकडून तर याहून थोडकं मागतो. बिलावर तुम्ही वॉट लिहिता, इंच लिहिता, गॅरंटीचे महिने लिहिता, खाली ‘पुन्हा या’ असंही लिहिता. त्यात आणखी एक आकडा लिहा: सगळं बसवून, गाडी झोपवून, मीटर लावून आलेला आकडा. ‘झोपेतला करंट: ०.०३ अँपिअर.’ बस्स. तो आकडा लिहायला हात अडखळला, तर डिकीत दोन इंची वायर आहे असं समजायला हरकत नाही. आणि गिऱ्हाइकांनीही गाणं किती दणक्यात वाजतं हे बघण्याआधी, ते बंद केल्यावर खरंच बंद होतं का, एवढं विचारावं. बंद कधी व्हायचं ते न कळणारे वक्ते आणि नातेवाईक आपण पुष्कळ सोसतो. पण ते निदान आपल्या बॅटरीवर बोलत नाहीत.